घरच्या विकीत घरचेच कागद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाटणीपत्र, खासरा पत्रक (शेतजमिनीच्या जुन्या नोंदींचा कागद), पणजोबांच्या नावचा मुंतखब (निजामाच्या काळातला इनामाचा दाखला), विहिरीच्या कर्जाच्या पावत्या. २०२३ मध्ये मराठा-कुणबी दाखल्यांसाठी निजामकालीन नोंदी शोधायची धांदल सुरू झाली तेव्हा मराठवाड्यात घरोघरी पत्र्याच्या पेट्या उघडल्या आणि जे हाती लागलं त्याचे स्कॅन निघाले. ते स्कॅन आता लॅपटॉपवर ‘न्यू फोल्डर ३’ मध्ये पडून आहेत. मी माझ्या घरचे कागद एका खासगी विकीत, म्हणजे लिंकांनी एकमेकांना जोडलेल्या पानांच्या घरगुती वहीत, लावले, मग चुलत्यांचे, मग शेजाऱ्यांचे. तेव्हापासून फोनवर तेच तेच प्रश्न येतात, ते इथे एकत्र केले आहेत.

उदाहरणं बहुतेक टिडलीविकी या विकीच्या प्रोग्रामाची आहेत, कारण बहुतेकांना मी तीच बसवून दिली. ऑब्सिडियन आणि झिम हे तसेच दुसरे प्रोग्राम जिथे वेगळं वागतात तिथे तसं सांगितलं आहे. पत्ते आणि संकेत वाचायला सोपे जावेत म्हणून देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना ते इंग्रजी अक्षरांत करायचे.

१. खासगी विकी म्हणजे नेमकं काय? कागद साध्या फोल्डरमध्ये ठेवले तर काय बिघडतं?

काही बिघडत नाही, कागद वीसेक असतील तोवर. पण एकच वाटणीपत्र तीन भावांचं असतं, दोन गटांचं असतं आणि मधल्या सामाईक विहिरीचंही असतं. फोल्डरमध्ये ते एकाच ठिकाणी बसतं. मग आपण त्याच्या चार प्रती करतो आणि सहा महिन्यांनी खरी कोणती ते कळत नाही. विकीत प्रत्येक गटाचं, माणसाचं, विहिरीचं एक पान करायचं आणि त्या सगळ्या पानांवरून एकाच कागदाकडे लिंक द्यायची. कागद एका जागी राहतो, वाटा कितीही निघतात.

टिडलीविकी २००४ साली जेरेमी रस्टन यांनी काढली. अख्खी विकी एकाच एचटीएमएल फाइलमध्ये असते आणि ब्राउझरमध्ये उघडते. ऑब्सिडियन आणि झिम प्रत्येक पान वेगळ्या मजकूर-फाइलीत ठेवतात. तिन्हींना नेट लागत नाही, आणि रेंज पाहायला गच्चीवर जावं लागणाऱ्या गावात हे महत्त्वाचं आहे.

२. कागद विकीच्या आतच टाकायचा की नुसती लिंक द्यायची?

लिंक द्या.

टिडलीविकीत पीडीएफ ओढून सोडली की ती विकीच्या फाइलीत जाऊन बसते. दिसतं छान, पण आत जाताना तिचं अक्षरांत रूपांतर होतं आणि दर ३ बाइटचे ४ होतात. ६ एमबीचा स्कॅन ८ एमबी होतो. असे तीस कागद टाकले की विकी उघडायला आणि दर वेळी सेव्ह व्हायला एवढा वेळ लागतो की माणूस नाद सोडून देतो. घरच्या माणसांचे छोटे फोटो, एखादी सही, गटाचा हाताने काढलेला नकाशा असं शंभरेक केबीच्या आतलं आत राहू द्या. बाकी सगळं बाहेर.

लिंक देणं म्हणजे विकीने फक्त कागदाचा पत्ता लक्षात ठेवणं. कागद हलला तर विकीला ते कळत नाही. या पानावरचे निम्मे प्रश्न त्यातूनच आले आहेत.

३. लिंक लिहायची कशी?

आधी जागा ठरवा. ‘घर’ नावाचा एक फोल्डर करा. त्यात विकीची फाइल ठेवा आणि तिच्या शेजारी ‘कागद’ नावाचा फोल्डर. सगळे स्कॅन त्या फोल्डरात.

मग पत्ता दोन तऱ्हांनी देता येतो. पूर्ण पत्ता म्हणजे ‘फाइल’, कोलन, तीन तिरप्या रेघा, मग सी ड्राइव्ह आणि तिथून पुढे एकेक फोल्डर. सापेक्ष पत्ता म्हणजे एक टिंब, एक तिरपी रेघ, ‘कागद’, पुन्हा रेघ, आणि फाइलचं नाव: ./कागद/०१७.पीडीएफ. त्याचा अर्थ ‘मी जिथे आहे तिथल्या कागद फोल्डरात बघ’. कायम दुसरी तऱ्हा वापरा. पूर्ण पत्ता म्हणजे ‘औसा रोड, तिसरी गल्ली, निळं घर’. घर बदललं की संपलं. सापेक्ष पत्ता म्हणजे ‘माझ्या उजव्या खिशात’. पेनड्राइव्ह एका संगणकावर ई आणि दुसऱ्यावर एफ होतो तेव्हा हा फरक कळतो.

टिडलीविकीत चौकटी कंस, ‘एक्स्ट’, पुन्हा चौकटी कंस, दिसायचं नाव, उभी रेघ, पत्ता, आणि दोन्ही कंस बंद. ऑब्सिडियनमध्ये दुहेरी चौकटी कंसात फाइलचं शेपटासकट (म्हणजे शेवटच्या ‘.पीडीएफ’सकट) नाव पुरतं, फक्त फाइल त्याच्या व्हॉल्टच्या, म्हणजे मुख्य फोल्डरच्या, आत हवी. झिम प्रत्येक पानाशेजारी त्याच नावाचा फोल्डर करून जोडलेले कागद तिथे ठेवतं, त्यामुळे पत्त्याची कटकट तिथे सर्वांत कमी.

विंडोज पत्त्यात उलटी रेघ दाखवतं. लिंकमध्ये ती सुलटी करून घ्या.

४. तुम्ही सांगितलं तसंच लिहिलं, तरी ‘फाइल सापडत नाही’ म्हणतंय. मी काय चुकलो?

बहुतेक वेळा फाइलच्या नावात चूक असते. या क्रमाने बघा.

विंडोज फाइलचं शेपूट लपवतं. तुम्ही नावात ‘.पीडीएफ’ लिहिलंत आणि ते आधीच होतं, तर फाइलचं खरं नाव दोन शेपटांचं झालेलं असतं. फोल्डरच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन शेपटं दिसू द्या.

नावात मोकळी जागा असेल तर काही ठिकाणी लिंक तिथेच तुटते. पत्त्यात मोकळ्या जागेच्या ऐवजी टक्क्याचं चिन्ह आणि २० हा आकडा लिहावा लागतो. नावात हॅश असेल तर ब्राउझर त्याच्या पुढचं फाइलचं नाव समजतच नाही, कारण हॅशनंतरचा भाग म्हणजे पानातली जागा असा त्याचा हिशेब आहे. टक्का आणि प्रश्नचिन्हाचंही तसंच. ‘पावती #४’ नावाची फाइल या एका कारणाने उघडत नाही आणि माणूस दुपारभर लिंक तपासत बसतो.

आणि तिरपी रेघ. ती फोल्डर वेगळे करायला राखून ठेवलेली असल्याने ‘७/१२’ या नावाची फाइल विंडोजवर किंवा लिनक्सवर करताच येत नाही. महाराष्ट्रात सर्वांत जास्त मागितला जाणारा कागद, आणि त्याच्याच नावाने फाइल ठेवता येत नाही! ‘गट १२४/२’चंही तेच. फोन अशा वेळी गुपचूप खालची रेघ घालतो आणि मग लॅपटॉपवर एक नाव, फोनवर दुसरं.

शिवाय लिनक्सवर इंग्रजी मोठं-लहान अक्षर वेगळं मानलं जातं, विंडोजवर नाही. म्हणून विंडोजवर चालणारी लिंक लिनक्सवर अडू शकते. सगळं लहान अक्षरांत ठेवलं की मिटलं.

५. फाइलचं नाव मराठीत ठेवलं तर चालतं का?

चालतं. मी ठेवत नाही.

पहिलं कारण लांबी. लिंकच्या आत प्रत्येक देवनागरी अक्षरचिन्हाचे ३ बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्क्यासह ३ चिन्हांनी लिहिला जातो, म्हणजे एकाला ९. ‘सातबारा’मध्ये काना धरून ७ चिन्हं आहेत, त्यांची ६३ होतात. कुणी लिंक कॉपी करून पाठवली तर तो टक्क्यांचा ढीग वाचून काही समजत नाही.

दुसरं कारण जास्त छळतं, आणि ते खास आपलं आहे. ‘शेतकऱ्याचा अर्ज’ हे नाव घ्या. त्यातला ऱ्या दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कळफलकावर तो ऱ या स्वतंत्र अक्षरापासून बनतो. दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ती दोन वेगळी नावं आहेत. फाइल तुम्ही फोनवर नाव देऊन ठेवली आणि लिंक लॅपटॉपवर टाइप केली, तर ती न उघडण्याची पूर्ण शक्यता. जुन्या मॅकची फाइलव्यवस्था तर ऱ फोडून र आणि नुक्ता (खालचं टिंब) अशी साठवते. तिथून लिनक्सवर आणलेल्या फाइलींची हीच गत होते. दऱ्या, वाऱ्या, शेतकरी सोडून ‘शेतकऱ्या’ झालेलं काहीही नावात आलं की हा धोका आला.

मराठी नाव ठेवायचंच असेल तर लिंक हाताने टाइप करू नका, फाइलचं नाव कॉपी करून चिकटवा.

६. मग नाव ठेवायचं तरी कसं?

कंटाळवाणं. फाइलचं नाव जेवढं कंटाळवाणं, तेवढी लिंक दीर्घायुषी. मी नुसता चालू क्रमांक देतो: ०००१, ०००२, ०००३. कागद हातात आला त्या क्रमाने, विषय न बघता. काय आहे, कुणाचं आहे, कोणत्या सालचं आहे, हे सगळं विकीच्या पानावर लिहायचं. विकीतलं नाव शंभरदा बदला, फाइलला हात लावू नका. मूळ कागदावर मागच्या बाजूला पेन्सिलने तोच क्रमांक टाकला की पेटीतला कागदही सापडतो.

लोक म्हणतात, फोल्डर तरी जिल्हा-तालुका असे करू. करू नका, निदान मराठवाड्यात तरी नको. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. एका ओळखीच्या घरी पोराने उत्साहाने फोल्डरचं नाव बदललं आणि दोनशेच्या वर लिंका एका क्षणात मुक्या झाल्या. पोराचं काही चुकलं नाही, नाव बदलण्यासारखंच होतं. चूक नावाच्या भरवशावर लिंका टांगण्याची. आणि हे पहिल्यांदा झालेलं नाही. लातूर १९८२ मध्ये उस्मानाबादेतून निघाला, जालना १९८१ मध्ये औरंगाबादेतून, हिंगोली १९९९ मध्ये परभणीतून. एकाच वावराच्या तीन पिढ्यांच्या कागदांवर दोन-दोन जिल्हे असतात. तो इतिहास विकीच्या पानावर दोन ओळींत मावतो. फोल्डरच्या नावात मावत नाही.

सालाचंही असंच. निजामाच्या काळातल्या कागदांवर फसली सन असतो. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो: १३५५ फसली म्हणजे १९४५-४६. वर्षाची सुरुवात जानेवारीत नसल्याने वर्ष इकडचं तिकडे होतं. फाइलच्या नावात साल घातलं आणि नंतर कुणी जाणत्याने ‘हे १३५५ नाही, १३५६ आहे’ म्हटलं की तुम्ही नाव बदलायला जाणार. विकीच्या पानावर दोन्ही सन लिहा, शंका असेल तर शंकाही लिहा.

७. काल सगळे कागद उघडत होते. विकीत थोडं लिहून सेव्ह केलं आणि आज एकही उघडेना.

तुमची विकी डाउनलोड्समध्ये गेली आहे.

ब्राउझरला तुमच्या फाइलवर परस्पर लिहायची मुभा नसते. टिडलीविकीत सेव्ह दाबलं की तो नवी प्रत डाउनलोड करतो, आणि ती डाउनलोड्स फोल्डरात पडते. आज तुम्ही ती प्रत उघडलीत. तिने ‘माझ्या शेजारच्या कागद फोल्डरात बघ’ म्हटलं, पण डाउनलोड्समध्ये तो फोल्डर नाही. कागद जागेवरच आहेत. नवी फाइल उचलून ‘घर’मधल्या जुन्या फाइलच्या जागी ठेवा, झालं.

पुन्हा होऊ नये म्हणून ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ‘प्रत्येक वेळी कुठे सेव्ह करायचं ते विचार’ हे चालू करा आणि दर वेळी जुन्याच फाइलवर सेव्ह करा. किंवा टिडलीडेस्कटॉप हा टिडलीविकीसाठीचा वेगळा प्रोग्राम वापरा, तो थेट मूळ फाइलवर लिहितो. ऑब्सिडियन आणि झिमला हा त्रास नाही.

८. क्लिक न करता कागद पानातच दिसायला हवा. जमतं का?

जमतं. टिडलीविकीत कागदासाठी नवं पान करा, मजकुराची जागा रिकामी ठेवा, प्रकारात ‘ॲप्लिकेशन/पीडीएफ’ किंवा ‘इमेज/जेपेग’ निवडा, आणि ‘कॅनॉनिकल युआरआय’ नावाचं फील्ड जोडून त्यात सापेक्ष पत्ता द्या. त्या फील्डच्या नावाआधी आणि दोन शब्दांमध्ये खालची रेघ असते. पहिली रेघ राहिली म्हणून अनेकांचं अडतं. मग ते पान उघडलं की कागद समोर, आणि विकीचं वजन वाढत नाही. उंची-रुंदी आपल्या मनासारखी हवी असेल तर आयफ्रेमचा (पानात दुसरी फाइल दाखवणाऱ्या चौकटीचा) टॅग लिहून त्यात पत्ता द्या.

ऑब्सिडियनमध्ये दुहेरी कंसाआधी उद्गारचिन्ह टाकलं की पुरे. झिम फोटो पानात दाखवतं. पीडीएफवर क्लिक केलं की संगणकातल्या पीडीएफच्या प्रोग्रामात उघडतं.

फेरफारांचं चाळीस पानांचं बाड एकाच पीडीएफमध्ये असेल तर पत्त्याच्या शेवटी हॅश, ‘पेज’, बरोबरचं चिन्ह आणि १४ लिहा. थेट चौदावं पान उघडतं. क्रोम, फायरफॉक्स, ऑब्सिडियन तिन्हींत चालतं. हाच हॅश फाइलच्या नावात आला की काय होतं ते प्रश्न ४ मध्ये आहे. उर्दू बाडांबाबत प्रश्न १७ वाचल्याशिवाय पानांच्या लिंका देत बसू नका.

९. वर्डमधला अर्ज विकीतून उघडून दुरुस्त केला, सेव्हही केला. परत उघडला तर जुनाच!

वर्ड किंवा एक्सेलची फाइल ब्राउझरला दाखवता येत नाही. क्रोम काय करतो, तर तिची प्रत डाउनलोड्समध्ये टाकतो. तुम्ही दुरुस्ती त्या प्रतीत केली. मूळ फाइल ‘कागद’ फोल्डरात जशीच्या तशी आहे. दुरुस्त केलेली प्रत डाउनलोड्समध्ये सापडेल, नावापुढे कंसात आकडा असलेलीही असू शकते.

बदलत्या कागदासाठी विकीतली लिंक दाबू नका; संगणकावरचा ‘कागद’ फोल्डर उघडा आणि फाइल तिथून उघडा. किंवा ऑब्सिडियन वा झिम वापरा, ते मूळ फाइलच वर्डमध्ये उघडतात. अर्ज एकदा देऊन झाला की त्याची पीडीएफ करून क्रमांक द्या. दिलेला अर्ज पुन्हा बदलायचा नसतोच.

१०. फोटोच्या जागी तुटकं चित्र येतं. पत्ता बरोबर आहे, दहा वेळा पाहिला.

शेपूट पाहा. आयफोनचे ‘एचईआयसी’ फोटो आणि स्कॅनरच्या ‘टिफ’ फाइली क्रोम-फायरफॉक्स दाखवत नाहीत. जेपेगमध्ये बदलून घ्या. आजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या असतील तर एमपी३ ठेवा, ती सगळीकडे वाजते.

११. सर, विकी फोनमध्ये घेतली. पान उघडायलंय, पण कागदावर बोट ठेवलं की काहीच होईना. फोन खराब आहे का?

फोन चांगला आहे. अँड्रॉइडवर फाइल मॅनेजरमधून विकी उघडता तेव्हा ब्राउझरला फक्त त्या एका फाइलीपुरती परवानगी मिळते. तिचा खरा पत्ताही त्याला सांगितला जात नाही, एक तात्पुरता पत्ता दिला जातो. मग ‘शेजारच्या फोल्डरात’ म्हणजे कुठे, हे त्याला कळणार कसं? अँड्रॉइड ७ पासून ॲपांनी एकमेकांना फाइलचे थेट पत्ते द्यायला बंदी आली, आणि पुढच्या आवृत्त्यांत कुलपं वाढतच गेली. आयफोनवर तर विकीची फाइल नुसती झलक म्हणून उघडते.

फोनवरच जास्त वापरायचं असेल तर सरळ ऑब्सिडियन घ्या. व्हॉल्टच्या आतले फोटो आणि पीडीएफ तिथे फोनवरही दिसतात. टिडलीविकीच ठेवायची असेल तर लॅपटॉपवर ‘घर’ फोल्डरात पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेसोबत येणारा छोटा सर्व्हर सुरू करा आणि फोनच्या ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा आयपी पत्ता, कोलन, ८००० टाका. फोनचा हॉटस्पॉट लावून लॅपटॉप त्याला जोडला तरी चालतं. यात वाचता येतं, लिहिलेलं सेव्ह होत नाही. आणि तेवढा वेळ त्या वायफायवरच्या कुणालाही तो फोल्डर दिसतो, म्हणून कॅफेत बसून हे करू नका.

एक विनंती: व्हॉट्सॲपच्या फोल्डरात पडलेल्या फाइलची लिंक कधीही देऊ नका. जागा भरली की पहिली सफाई तिथेच होते. आधी फाइल ‘कागद’मध्ये आणा. स्कॅन मागवताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ सांगा; फोटो म्हणून आला की बारीक अक्षर गेलं.

१२. विकी सर्व्हरवर ठेवली. आधी चालणाऱ्या पूर्ण पत्त्याच्या लिंका आता क्लिक केल्यावर मुक्या बसतात, चुकीचा संदेशही येत नाही.

ब्राउझर मुद्दामच तसं करतो. एचटीटीपीने आलेल्या पानाला तुमच्या डिस्कवरच्या फाइलची लिंक उघडू देत नाहीत. दिली असती तर कुठल्याही परक्या संकेतस्थळाने तुमच्या फाइलींची चाचपणी केली असती. विकी तुमचीच आहे, सर्व्हर तुमच्याच टेबलावर आहे, हे ब्राउझरला कसं कळावं? मीडियाविकीत (विकिपीडिया जिच्यावर चालतो ती) ‘फाइल’ने सुरू होणारे पत्ते चालू करायची सेटिंग आहे, त्याने लिंक दिसायला लागते, उघडत तरी नाहीच.

घाई असेल तर लिंकवर उजवं बटण दाबून पत्ता कॉपी करा आणि नव्या टॅबच्या पट्टीत चिकटवा, तुम्ही स्वतः टाकलेला पत्ता ब्राउझर मानतो. कायमचा उपाय म्हणजे कागदही सर्व्हरच्या फोल्डरात आणून सापेक्ष पत्ते देणं. टिडलीविकी नोड-जेएसवर (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामावर) सर्व्हर म्हणून चालवत असाल तर विकीच्या फोल्डरात ‘फाइल्स’ नावाचा फोल्डर करा. त्यातलं सगळं ती स्वतः ब्राउझरला पुरवते.

१३. पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा घेतला. विकीत उघडला तर सहीची खूण हिरवी होत नाही. नकली आहे का?

नाही. बहुतेक ब्राउझरांचा पीडीएफ दर्शक डिजिटल सही तपासतच नाही, तो नुसतं चित्र काढतो. तीच फाइल ॲडोबी रीडरमध्ये उघडा. तिथेही आधी प्रश्नचिन्ह दिसेल. सहीच्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवायला एकदा सांगावं लागतं.

हा सातबारा पुन्हा ‘प्रिंट टू पीडीएफ’ करून ठेवू नका, आकार कमी करणाऱ्या ॲपातूनही काढू नका. दिसायला तोच राहतो, सही मरते. उतरवलेली मूळ फाइल तशीच, फक्त नाव बदलून. नाव बदलल्याने सहीला काही होत नाही.

मोफत दिसणारा सातबारा माहितीपुरता असतो, कायदेशीर कामाला चालत नाही. विकीच्या पानावर कोणता आहे ते लिहून ठेवा.

१४. आधार, बँक पासबुक विकीत ठेवलं तर धोका आहे का? विकीला पासवर्ड लावलाय.

टिडलीविकीचा पासवर्ड विकीच्या आतल्या मजकुराला लागतो. लिंक दिलेले कागद बाहेर उघडे पडलेले असतात. लॅपटॉप दुसऱ्याच्या हाती गेला तर तो विकी उघडणारच नाही, सरळ ‘कागद’ फोल्डर उघडेल. तिथे कुलूप हवं असेल तर डिस्कलाच लावा.

यूआयडीएआयवरून (आधार देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावरून) उतरवलेल्या ई-आधारला स्वतःचा पासवर्ड असतो: नावाची पहिली चार अक्षरं मोठ्या इंग्रजीत आणि जन्मसाल. गावात तो सगळ्यांनाच सांगता येईल. शक्य तिथे फक्त शेवटचे चार अंक दिसणारं मास्क केलेलं आधार ठेवा.

१५. विकीत शोध घेतला तर पीडीएफमधला मजकूर का सापडत नाही?

विकी आपल्या पानांत शोधते, लिंकच्या पलीकडे नाही. आणि बहुतेक स्कॅन म्हणजे फोटोच. त्यात अक्षरं नसतात, अक्षरांचं चित्र असतं. चित्रातली छापील मराठी अक्षरं ओळखायला टेसरॅक्ट हे मोफत साधन आहे, स्वच्छ स्कॅनवर बरं काम करतं. जुन्या सातबाऱ्यावरची तलाठ्याची लिखावट, मोडी, हाताने लिहिलेली उर्दू यांच्या वाटेला त्याला पाठवू नका.

काही जुन्या पीडीएफ युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये असतात. पडद्यावर शुद्ध मराठी, कॉपी केलं की इंग्रजी अक्षरांचा चिवडा. त्यात ‘विहीर’ शोधून विहीर सापडणार नाही.

उपाय जुनाच. कागदाच्या पानावर चार ओळी हाताने लिहा: कोण, कोणाला, कोणता गट किंवा सर्व्हे नंबर, कधी. उर्दू-मोडी कागद एकदा जाणकाराकडून वाचून घेतला तर त्याने सांगितलेलं जसंच्या तसं आणि तारखेसह लिहा. मोडी वाचणारे रोज भेटत नाहीत.

१६. पुण्याच्या भावाला विकी पाठवली. त्याच्याकडे पानं दिसतात, कागद नाही.

तुम्ही फक्त विकीची फाइल पाठवली. ‘घर’ फोल्डर पूर्ण झिप करून पाठवा. त्याने झिप आधी पूर्ण सोडवायची. झिपच्या आत शिरूनच विकीवर डबल-क्लिक केलं तर विंडोज तेवढी एकच फाइल तात्पुरत्या जागी काढतं आणि पुन्हा तेच रडगाणं.

ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हवर फोल्डर वाटला असेल तर फाइलीशेजारी ढगाची खूण आहे का पाहा. ढग म्हणजे नाव इथे आहे, कागद ढगात आहे. नेट नसलं की तो उघडत नाही. ‘नेहमी या संगणकावर ठेव’ हा पर्याय अख्ख्या फोल्डरला लावा.

आणि सगळं नीट ठेवूनही कुणी फोल्डर हलवलाच, तर टिडलीविकीची फाइल हा शेवटी मजकूरच आहे. तिची प्रत काढा, मजकूर-संपादकात उघडून जुना पत्ता शोधून सगळीकडे नवा घाला. दोनशे लिंका दोन मिनिटांत जिवंत होतात, प्रश्न ६ मधल्या घरी हेच केलं. ऑब्सिडियन लिंका आपोआप दुरुस्त करतं, पण हलवाहलव ऑब्सिडियनच्या आतून केली तरच.

१७. उर्दू रजिस्टरचे स्कॅन लावले. पान ३ ची लिंक दिली तर भलतंच पान उघडतं.

उर्दू बाड उजवीकडून सुरू होतं. स्कॅन करणाऱ्या दुकानातल्या पोराने ते मराठी वहीसारखं डावीकडून उलगडलं, त्यामुळे पीडीएफचं पहिलं पान म्हणजे रजिस्टरचं शेवटचं. लिंकमधला आकडा कायम पीडीएफची पानं मोजतो, कागदावर छापलेला किंवा लिहिलेला पानक्रमांक त्याला ठाऊक नसतो.

पीडीएफची पानं उलट लावणारी साधनं आहेत, पण क्रम बदलायचा तर लिंका द्यायच्या आधीच बदला. लिंका दिल्या असतील तर फाइल राहू द्या, आणि पानावर लिहा: ‘बाड ४८ पानांचं, उलटं स्कॅन, मूळ पान काढायला ४९ मधून पीडीएफचा आकडा वजा करा.’ मधली दोन पानं चिकटलेली निघाली तर हा हिशेबही त्या जागेपासून दोनने चुकतो. माझ्याकडच्या एका बाडात तसं झालं आहे, आणि त्या विकीत वजाबाकीची दोन वेगवेगळी सूत्रं लिहिलेली आहेत.